बाकरी, भाकरी आणि मुलांचं लिहिणं

‘माझ्या आजोबाकडं माग हाये. ते चादर विनत्यात. मी त्यांची बाकरी गेउन जातो.’

सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळेत तिसरीच्या वहीत अशा ओळी सहज सापडाव्यात. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि दखनी, वर्गात पुस्तकातली मराठी, असा या मुलाचा दिवस. लाल पेन घेऊन बसलं तर या तीन ओळींत पाच-सहा गोल पडतील. पण मुलाला काही सांगायचं होतं आणि ते त्याने पुरतं सांगितलं आहे, हे आधी पाहायला हवं. त्याच्या चुकाही एका जातीच्या नाहीत. ‘हाये’ आणि ‘विनत्यात’ ही त्याच्या आसपासची बोली आहे. ‘बाकरी’ आणि ‘गेउन’मध्ये भचा ब आणि घचा ग झाला, कारण रोजच्या तेलुगू किंवा कन्नड बोलण्यात भ, घ, ध यांच्यातला ‘ह’ फारसा उमटत नाही. कानाने न टिपलेला फरक हात कुठून लिहिणार? ‘घेऊन’मधला दुसरा उकार हा मात्र लेखनाच्या नियमाचा भाग आहे, तो शिकवावाच लागतो. तीन चुकांची तीन कारणं. ‘दहा वेळा लिहून आण’ हे एकच औषध तिन्हींवर चालत नाही, आणि मुलं लिहिण्याला कंटाळतात ती बरीचशी इथेच.

आता हाताकडे येऊ. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मताना ती कूर्चेची, म्हणजे मऊ आणि लवचीक असतात आणि पुढे एकेक करून त्यांचं हाड होत जातं. वाटाण्याच्या आकाराचं शेवटचं हाड एक्स-रेमध्ये दिसू लागतं ते साधारण नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान. बोटांचे बारीक स्नायू आणि त्यांना हुकूम देणारे मेंदूचे भागही याच वयात तयार होत असतात. म्हणून सहा वर्षांच्या मुलाने पानभर लिहिल्यावर ‘हात दुखतो’ म्हटलं तर त्याचं ऐकावं. आपल्याकडे घरोघरी शेंगा फोडल्या जातात. शेंग दाबताना अंगठा आणि तर्जनीचा जो चिमटा होतो तोच पेन्सिल धरायला लागतो. कणकेचे गोळे वळणं, मणी ओवणं, कात्रीने कागद कापणं यांनीही तोच हात घडतो. पेन्सिल तीन बोटांत धरली की चार, यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. प्रचलित चारही पकडींत वेग आणि वाचनीयता जवळपास सारखीच असल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. पकड इतकी घट्ट असेल की नखं पांढरी पडतात, तेवढं मात्र सोडवायला हवं. शंभरातली दहाएक मुलं डावखुरी असतात. त्यांची वही थोडी उजवीकडे कलती ठेवली की लिहिलेलं हाताखाली झाकलं जात नाही. त्यांचा हात बदलायला लावू नये.

अक्षर घोटून घ्यायचं कसं, याचं उत्तर देणारा एक सुंदर प्रयोग आहे. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना अक्षरं तीन प्रकारे शिकवली: काही अक्षरं समोर बघून स्वतः काढायची, काही ठिपक्यांवरून गिरवायची, काही कीबोर्डवर दाबायची. नंतर तीच अक्षरं दाखवून मेंदूचं स्कॅन केलं. वाचताना जे भाग कामाला लागतात ते जागे झाले स्वतः काढलेल्या अक्षरांना. गिरवलेल्या आणि टाइप केलेल्या अक्षरांना तसे झाले नाहीत. हे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. कारण विचार करण्यासारखं आहे. मुलाने स्वतः काढलेला ‘क’ दर वेळी वेगळा निघतो. एकदा पोट मोठं, एकदा दांडी तिरकी, एकदा शेपूट तुटलेलं. या सगळ्या वेड्यावाकड्या ‘क’मधून मेंदूला कळतं की कशामुळे ‘क’ हा ‘क’ राहतो. गिरवताना हा शोध ठिपक्यांनीच आधी लावून ठेवलेला असतो. वळण कळेपर्यंत एक-दोन दिवस गिरवावं, पुढे पाटीवर मोकळेपणी काढू द्यावं. पाटी त्यासाठी फार गुणी आहे. पुसता येतं, मोठं काढता येतं आणि चुकीची खूण मागे राहत नाही.

पण सुंदर अक्षर हे ध्येय मानलं की गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. आपण एका वेळी फार थोड्या गोष्टी ध्यानात धरू शकतो. ‘घ’ची गाठ कुठून सुरू करायची यात सगळं ध्यान गेलं, तर वाक्य पुढे काय होतं हे मूल विसरतं. धागा सारखा तुटत असेल तर विणकराचं नक्षीकडे लक्ष जात नाही, तसंच हे. २००० साली स्टीव्ह ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अक्षर संथ असलेल्या पहिलीच्या मुलांना पंधरा-पंधरा मिनिटांचा जादा सराव दिला, तेव्हा अक्षराबरोबर त्यांच्या स्वतःच्या लिखाणाचा ओघही वाढला. हात आपोआप चालायला लागला की डोकं मजकुरासाठी मोकळं होतं. म्हणून मी मोत्यासारख्या अक्षरापेक्षा वाचता येईल असं, न अडखळता येणारं अक्षर मागेन, आणि तेही रोज दहा-पंधरा मिनिटांच्या सरावातून.

देवनागरीचा व्याप मोठा आहे हेही मोठी माणसं विसरतात. चौतीस व्यंजनांची बाराखडी म्हणजे जोडाक्षरं सोडूनच चारशेवर अक्षरं. सोनाली नाग यांनी बंगळुरूतल्या मुलांच्या कन्नड वाचनाचा अभ्यास केला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात दिसलं की अशा लिपीतली सगळी अक्षरं पक्की व्हायला चौथी उजाडते. म्हणून पहिलीत बाराखडी संपली म्हणजे लेखन आलं, ही समजूत सोडून द्यावी. त्यात पहिली वेलांटी आणखी गंमत करते. ‘कि’ म्हणताना इ नंतर येते, लिहिताना ती आधी काढावी लागते. मूल आधी क काढतं आणि मग वेलांटीला जागाच उरत नाही! हिंदी वाचकांवरच्या २००२ सालच्या एका अभ्यासात या वेलांटीचे शब्द वाचायलाही जास्त वेळ लागलेला दिसला.

ऱ्हस्व-दीर्घाचं भय मात्र अकारण वाढवलेलं आहे. शब्दाच्या शेवटी इकार-उकार आला की तो दीर्घ: पाटी, वही, वाळू, कवी. ‘आणि’सारखे मोजके अपवाद. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार मराठी शब्दांत दीर्घ, आणि पुढे प्रत्यय लागला की ऱ्हस्व: सूत पण सुताचा, पीठ पण पिठाची, चूल पण चुलीवर. हे मोठ्याने म्हणून बघा, जीभही तेच करते. म्हणून नियम आधी कानाने शिकवता येतो. गुण, सुख, विष, गीत असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमाला जुमानत नाहीत, ते पाठच करावे लागतात. सोलापुरात तर एक जमेची बाजू आहे. कन्नड आणि तेलुगूत ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो. कन्नडमध्ये ‘बिडु’ म्हणजे सोड आणि ‘बीडु’ म्हणजे वस्ती. अक्कलकोटकडच्या कन्नड बोलणाऱ्या मुलाचा कान या बाबतीत आधीच तयार असतो. भ आणि ब यांच्यासाठी तळहात तोंडासमोर धरून दोन्ही म्हणायला लावावं. ‘भ’ला हवेचा झोत हाताला लागतो, मुलाला फरक स्वतःच सापडतो.

शब्द पाठ करताना बघून पानभर उतरवण्यात फारसं हाती लागत नाही. शब्द पाहायचा, म्हणायचा, झाकायचा, आठवून लिहायचा आणि मग ताडून बघायचा. आठवण्याच्या त्या धडपडीनेच स्मृती पक्की होते, हे रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६च्या प्रयोगांपासून मानसशास्त्रात वारंवार दिसलेलं आहे. श्रुतलेखन याच तत्त्वावर चालतं. पाचच शब्द घ्यावेत, तपासणी मुलाने स्वतः करावी आणि गुण देऊ नयेत. निबंध तपासतानाही एका वेळी एकाच जातीची चूक धरावी. वरच्या तीन ओळींत मी या आठवड्यात फक्त भ आणि घ दाखवीन. ‘हाये’ला हात लावणार नाही, पुस्तकात ‘आहे’ लिहितात हे गोष्टी वाचता वाचता त्याला कळेल. शिवाय आजोबांच्या मागावर कोणत्या रंगाची चादर चढली आहे, हे त्याला विचारीन, म्हणजे चौथी ओळ येईल.

तिसरी-चौथीपर्यंत नीट शिकवूनही एखाद्या मुलाला रोजचे शब्द लिहिता येत नसतील, तोंडी मात्र ते सगळं सांगत असेल, तर त्याला आळशी म्हणू नये. ही अध्ययन अक्षमता असू शकते, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक अशा सवलती मिळतात. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत, मग बालरोगतज्ज्ञांकडून पुढची दिशा घ्यावी, आणि हे दहावीची वाट न पाहता चौथीतच करावं.