ट्रायल्स सायकल : फ्रेम आणि ब्रेकची निवड

पाय जमिनीला न टेकवता खडक, ओंडके, कठडे आणि पायऱ्या पार करण्यासाठी बांधलेल्या, एकाच गिअरच्या व बहुधा बिनसीटच्या सायकलीस ट्रायल्स सायकल म्हणतात. हा खेळ १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्पेनमधील कॅटालोनियात मोटारसायकल ट्रायल्समधून निघाला. मोन्तेसा या मोटारसायकल कंपनीशी निगडित असलेले पेरे पी आणि त्यांचा मुलगा ओत पी यांची नावे त्याच्या आरंभाशी जोडली जातात. स्पर्धांत २० इंची आणि २६ इंची असे दोन वर्ग असतात. रस्त्यावरच्या कसरतींसाठी २४ इंची सायकलही वापरतात. २० इंची म्हणवल्या जाणाऱ्या सायकलीचे मागचे चाक प्रत्यक्षात १९ इंची रिमचे व जाड टायरचे असते.

अशी सायकल सुटे भाग जमवून बांधताना फ्रेम आणि ब्रेक हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत असे वरवर वाटते. वस्तुतः फ्रेम घेतली की मागच्या ब्रेकचा निर्णय होऊनच जातो, कारण रिम-ब्रेकसाठी, म्हणजे चाकाच्या धातूच्या कडेला (रिमला) पकडणाऱ्या ब्रेकसाठी, लागणारे चार बोल्टांचे बैठक-बिंदू किंवा धुऱ्याजवळच्या चकतीला (डिस्कला) आवळणाऱ्या कॅलिपरचा कान फ्रेमवर मुळातच असावा लागतो. हा कान मागाहून जोडून घेण्याची कल्पना इंदूरसारख्या शहरात, जिथे सांवेर रोड आणि पीथमपूरच्या औद्योगिक वस्त्यांमुळे आर्गन वेल्डिंग करणारा कारागीर दुर्मीळ नाही, सहज सुचते. ती टाळावी. ट्रायल्सच्या फ्रेमसाठी वापरल्या जाणाऱ्या ६०६१ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमला ताकद येते ती उष्णताप्रक्रियेने, आणि वेल्डिंगच्या आचेने सांध्याच्या आजूबाजूचा धातू पुन्हा मऊ पडतो. कारागीर कितीही हुशार असला तरी हा दोष त्याच्या हातचा नाही.

फ्रेमच्या मापांत सर्वांत महत्त्वाचे माप बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचे दांडे (क्रँक) ज्या धुरीवर फिरतात तिच्या बैठकीच्या, उंचीचे. साध्या माउंटन बाइकमध्ये क्रँकचा मध्य बहुधा चाकांच्या धुऱ्यांना जोडणाऱ्या रेषेच्या खाली असतो, तर ट्रायल्सच्या फ्रेममध्ये तो त्या रेषेच्या वर काढलेला असतो. त्यामुळे वजन थोडे मागे नेताच पुढचे चाक उचलले जाते आणि मागच्या चाकावर उभे राहणे सोपे होते. उलटपक्षी दोन्ही चाके जमिनीवर असताना सायकल अस्थिर वाटते. नवशिक्याने अति उंच बॉटम ब्रॅकेटच्या मोहात पडू नये, हे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. चेनस्टे, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या धुऱ्यापर्यंतची नळी, हीही आखूड असते, २० इंचीमध्ये सुमारे ३५० मिमी, तर साध्या माउंटन बाइकमध्ये ती ४२० मिमीच्या पुढे जाते. रस्त्यावर उड्या मारायच्या असतील तर जड पण आघात सोसणारी क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिश्रित) पोलादाची फ्रेम अधिक टिकते.

या फ्रेम बहुधा बाहेरून मागवाव्या लागत असल्याने जुनी फ्रेम घेण्याची वेळ अनेकांवर येते. अशी फ्रेम पाहताना हेड ट्यूबचे (हँडलखालच्या पुढच्या नळीचे) वेल्ड, बॉटम ब्रॅकेटला चेनस्टे मिळतात तो कोपरा आणि ब्रेकच्या बैठकीचा भोवताल बारकाईने तपासावा. धूळ पुसून संशयित जागी रॉकेल लावावे, काही वेळाने कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे आणि वर खडूची बारीक पूड भुरभुरावी. चीर असेल तर आत शिरलेले रॉकेल पाझरून पुडीवर केसाएवढी ओली रेघ उमटते. अशी रेघ दिसली की सौदा तिथेच सोडावा.

ट्रायल्समध्ये ब्रेकचे काम वेग कमी करण्याचे नसून चाक जागच्या जागी जखडून ठेवण्याचे असते, तेही दोन्ही दिशांना आणि एका बोटाच्या दाबावर. मागच्या चाकासाठी हायड्रॉलिक रिम-ब्रेक, विशेषतः मागुरा कंपनीचा एचएस ३३, दीर्घकाळ प्रचलित आहे. त्यामागचे कारण साध्या यंत्रशास्त्राचे आहे : २६ इंची चाकात पॅड धुऱ्यापासून सुमारे २७५ मिमीवर पकडतात, तर १६० मिमी व्यासाच्या डिस्कवर हे अंतर ८० मिमीपेक्षाही कमी भरते. तेवढ्याच दाबात रिमवरची पकड कितीतरी पटीने प्रभावी ठरते. ही पकड आणखी वाढवण्यासाठी रिमच्या कडा अँगल ग्राइंडरने हलक्या हाताने खरखरीत करतात. ग्राइंडरची चकती रिमवर जेमतेम टेकवून तिरप्या, दाट रेघा ओढायच्या असतात. एका जागी हात रेंगाळला तर रिमची भिंत पातळ होते. मोबदल्यात पॅड लवकर झिजतात आणि ब्रेक मोठ्याने किंचाळतो, याची इंदूरच्या रामबागेसारख्या दाट वस्तीत सराव करणाऱ्याला शेजाऱ्यांकडून आठवण होत राहील.

रिम-ब्रेकची खरी परीक्षा माळव्याच्या पावसाळ्यात होते. इंदूरजवळच्या महू–पातालपाणी परिसरातला काळा बेसाल्ट कोरडा असताना टायरला उत्तम पकड देतो, पण जुलैपासून आसपासची काळी चिकण माती टायरवरून रिमवर चढते, ग्राइंडरच्या रेघांत बसते आणि ब्रेक निसटू लागतो. डिस्क चिखलापासून उंच राहत असल्याने अशा वेळी भरवशाची ठरते, मात्र तिच्यावर तेलाचा थेंबही पडता कामा नये. म्हणून मागे रिम-ब्रेक आणि पुढे डिस्क ही विभागणी येथील हवामानास बरीच अनुरूप आहे. त्यासाठी पुढच्या चाकाच्या चिमट्यावर (फोर्कवर) डिस्क-ब्रेकची बैठक आहे ना, हे खरेदीआधीच पाहून घ्यावे.

हायड्रॉलिक ब्रेकमधले तेल कंपनीनुसार वेगळे असते. मागुरात खनिज तेल चालते, होप कंपनीच्या डिस्क-ब्रेकमध्ये डॉट जातीचे, म्हणजे मोटारींच्या ब्रेकमध्ये वापरतात तसे. मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांत डॉट ४ सहज मिळते म्हणून ते मागुरात भरल्यास आतली रबरी सील फुगून निकामी होतात. खनिज तेल ब्रेकबरोबरच मागवून ठेवणे त्याहून स्वस्त पडते.