‘आमच्या वेळची कार्टून्स’ नेमकी कोणाच्या वेळची?

नव्वदच्या दशकात टीव्हीसमोर वाढलेल्या कोणाशीही कार्टूनचा विषय काढा, टॉम अँड जेरीचं नाव लगेच निघतं. पाठोपाठ तक्रार येते, की हल्लीच्या कार्टून्सना ती सर नाही. ही तक्रार मला बऱ्याच अंशी पटते. पण ‘आमच्या वेळचे’ म्हणून आपण ज्यांना उराशी धरतो, तो बोका आणि तो उंदीर १९४० सालचे आहेत. टीव्ही घराघरांत पोहोचण्याच्या आधीचे. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी ही जोडी घडवली ती एमजीएम या चित्रपट कंपनीसाठी, सिनेमागृहात मुख्य चित्रपटाआधी दाखवायला. समोर बसलेल्यांत लहान मुलं होती तशी मोठी माणसंही होती.

त्या कामाचा आवाका बघा. पडद्यावर एका सेकंदाला २४ फ्रेम लागतात, म्हणजे सात मिनिटांच्या चित्रपटाला दहा हजारांवर. दर फ्रेमला नवं चित्र नसलं, एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं, तरी हजारो चित्रं हातानं काढायची. १९४७च्या ‘द कॅट कॉन्सर्टो’मध्ये टॉम पियानोवर फ्रांझ लिस्ट या संगीतकाराची रचना वाजवतो आणि आत झोपलेला जेरी जागा होतो. त्यातले टॉमचे हात बघा, त्याचा सुरुवातीचा रुबाब बघा, आणि तोल सुटत जाताना बदलणारा चेहरा बघा. संवाद नाहीत, सगळं हालचालीतून आणि संगीतातून कळतं. या मालिकेला संगीत द्यायचे स्कॉट ब्रॅडली, आणि तेही पूर्ण वाद्यवृंद घेऊन. हॅना-बार्बेरांनी सुमारे अठरा वर्षांत असे ११४ लघुपट केले, म्हणजे वर्षाला सरासरी सहा-सात. सात ऑस्कर मिळाली.

१९५७ साली एमजीएमनं हा विभागच बंद केला. प्रेक्षक टीव्हीकडे वळत होते आणि जुने लघुपट पुन्हा दाखवूनही कमाई होत होती. मग नवे कशाला करायचे? दोघांनी स्वतःचा स्टुडिओ काढला आणि टीव्हीसाठी काम सुरू केलं. तिथे मिळणारे पैसे पूर्वीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी होते आणि भाग मात्र दर आठवड्याला हवा होता.

यातून जी पद्धत रुळली तिला ‘लिमिटेड ॲनिमेशन’ म्हणतात. तिची खूण पाहायची असेल तर याच स्टुडिओच्या योगी बेअरची मान बघा. अस्वलाच्या उघड्या अंगावर कॉलर आणि टाय! शोभेपेक्षा सोय मोठी होती: डोकं वेगळं, धड वेगळं. धडाचं एकच चित्र स्थिर ठेवायचं आणि वर फक्त डोकं हलवायचं. दोन चित्रांची सांधेजोड कॉलरखाली झाकली जाते. पात्र धावत असेल तर मागची तीच भिंत, तेच झाड फिरून फिरून येतं. हालचालीतून सांगायची गोष्ट आता बडबडीतून सांगायची. म्हणून या काळातली पात्रं सतत बोलत असतात, आणि म्हणूनच त्यांचे आवाज आपल्या इतके लक्षात राहिले.

कमी चित्रं म्हणजे वाईट काम, असं मात्र नव्हे. यूपीए या स्टुडिओनं पन्नासच्या दशकात मोजक्या रेषांतून सुंदर लघुपट केले, आणि ती त्यांची शैली होती, नाइलाज नव्हता. जपानमध्ये ओसामू तेझुका यांची ‘ॲस्ट्रो बॉय’ १ जानेवारी १९६३ला सुरू झाली तीही अपुऱ्या पैशांत, काढलेली चित्रं जपून ठेवून पुन्हा वापरत. स्थिर चित्र आणि त्यावरून सरकणारा कॅमेरा, या काटकसरीतूनच जपानी ॲनिमेशनची भाषा तयार झाली.

अमेरिकेत मात्र वेगळी हवा होती. साठच्या दशकात कार्टून्स शनिवार सकाळच्या वेळेत ढकलली गेली आणि ‘ही फक्त मुलांसाठी’ हा शिक्का तेव्हा घट्ट बसला. दशकाच्या शेवटी हिंसाचारावरून पालकांच्या संघटना आक्रमक झाल्या. पालकांची काळजी खरी होती. तरी तिचा एक परिणाम पाहून मला आजही वाईट वाटतं. १९७५ साली हॅना-बार्बेरांनीच टॉम आणि जेरीला टीव्हीवर परत आणलं, तेव्हा जेरीच्या गळ्यात लाल बो-टाय होता आणि दोघे मित्र होऊन गावोगाव हिंडत होते. मारामारीला बंदी, पाठलाग जवळपास नाहीच. निर्माते तेच, पात्रं तीच, आणि तरी त्यात जीव नव्हता. मधल्या काळात हीच जोडी प्रागमध्ये दिग्दर्शक जीन डाइच यांच्याकडे गेली होती, अगदी तुटपुंज्या पैशांत १३ लघुपटांसाठी, आणि मग दिग्दर्शक चक जोन्स यांच्याकडे ३४ लघुपटांसाठी. एकाच बोक्याचे हे चार अवतार लागोपाठ पाहिले की दर्जा कशावर ठरतो हे डोळ्यांना दिसतं. हाताशी किती वेळ आहे, पैसे कोण देतो आणि काय काय करायला मनाई आहे!

ऐंशीच्या दशकात पैसे द्यायला खेळण्यांच्या कंपन्या पुढे आल्या. ‘ही-मॅन’ची खेळणी आधी आली, मालिका १९८३ला. पुढच्याच वर्षी अमेरिकी सरकारनं मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींच्या वेळेवरची मर्यादा उठवली. ‘ट्रान्सफॉर्मर्स’ त्याच वर्षीची. मुलांना या मालिका मनापासून आवडल्या हेही खरंच.

आपल्या आठवणींचा खरा उगम आहे १९९२मध्ये. अमेरिकी माध्यम-उद्योजक टेड टर्नर यांनी १९८६ साली एमजीएमचा जुना चित्रसंग्रह विकत घेतला होता आणि १९९१ला हॅना-बार्बेरा स्टुडिओ. हाताशी कार्टून्सचं एवढं मोठं कोठार, म्हणून १ ऑक्टोबर १९९२ला दिवसरात्र चालणारी कार्टून नेटवर्क ही वाहिनी निघाली. सुरुवातीला तिच्यावर बहुतेक सगळा जुनाच माल होता. त्यामुळे त्या पिढीनं एका दुपारी १९४५चा टॉम, १९५८चा योगी आणि १९६९चा स्कूबी-डू लागोपाठ पाहिले आणि सगळे मिळून ‘माझं लहानपण’ असा एकच काळ मनात साठला. पन्नास वर्षांतलं जे टिकलं तेच मुख्यतः समोर येत होतं. जे तेव्हाच विसरलं गेलं, आणि असं ढिगानं होतं, ते फारसं कोणी पाहिलंच नाही. आजच्या मुलासमोर मात्र यंदाचं सगळंच्या सगळं येतं, चाळणी न लागता. ही तुलना मुळातच विषम आहे, आणि आजच्या चित्रकारांवर तिनं अन्याय होतो असं मला वाटतं.

नव्वदच्या दशकातलं अस्सल नवं कामही होतं. १९९१ला निकेलोडियन या वाहिनीनं आणि पुढे कार्टून नेटवर्कनं चित्रकारांना त्यांच्या स्वतःच्या कल्पना घेऊन बोलावलं. ‘डेक्स्टर्स लॅबोरेटरी’, ‘पॉवरपफ गर्ल्स’, १९९९चा ‘स्पंजबॉब’ यातूनच आले. पैसे तेव्हाही टीव्हीचेच होते, पण सुरुवात चित्रकाराच्या वहीतून होत होती.

आता कागदाची आणि सेलची (ज्यावर चित्रं रंगवायचे त्या पारदर्शक पत्र्याची) जागा संगणकानं घेतली आहे. पात्र एकदा काढायचं, त्याचे हात, पाय, डोकं सुटे ठेवायचे आणि बाहुलीसारखे हलवायचे. योगीच्या कॉलरची युक्ती, फक्त सांधा आता दिसत नाही. यातून घाईचं, एकसुरी कामही भरपूर निघतं, विशेषतः मोबाइलवर एकामागून एक आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओंसाठी. पण २०१८ला ऑस्ट्रेलियात सुरू झालेली ‘ब्लूई’ याच तंत्रानं बनते. एका कुत्र्याच्या कुटुंबाची ही गोष्ट, साधारण सात-सात मिनिटांचे भाग, मुलांच्या शेजारी बसून आईवडीलही पाहतात. आणि तिच्या प्रत्येक भागासाठी संगीत नव्यानं रचलं जातं.