हालचालींच्या विकारांवरील विशेषोपचार व संशोधन, सोलापूर

मेंदूतील तळगंडिका (हालचालींचे नियमन करणारे खोल भागातील पेशीसमूह), अनुमस्तिष्क (तोल व सुसूत्रता राखणारा मागचा लहान मेंदू) किंवा त्यांना जोडणारे मज्जामार्ग बिघडल्याने हालचाल मंदावते, कंप सुटतो, अंग आपोआप वळते किंवा तोल जातो; यांनाच हालचालींचे विकार म्हणतात. पार्किन्सन विकार (रूढ नाव कंपवात), एसेन्शियल ट्रेमर (काम करताना हात थरथरणे), डिस्टोनिया (स्नायू आखडून अंग वळणे), कोरिया (अनैच्छिक झटके), ॲटॅक्सिया (तोल व सुसूत्रता जाणे) व विल्सन विकार (शरीरात तांबे साठणे) हे त्यांतील प्रमुख होत.

सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९६३) व त्याला संलग्न छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे ‘सिव्हिल’, तसेच अश्विनी सहकारी रुग्णालय ही मोठी केंद्रे आहेत. धाराशिव, लातूर, विजापूर, कलबुर्गी या बाजूंनीही सोलापुरात रुग्ण येतात. मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी यांपैकी रुग्णाच्या घरची भाषा कोणती, यावर वाचोपचार व स्मृतिचाचणी यांचा उपयोग बराच अवलंबून असतो.

निदान मुख्यतः रुग्णाला तपासून होते. एमआरआय बहुधा इतर कारणे वगळण्यासाठी काढतात. चक्करेवरील सिनारिझिन व फ्लुनारिझिन, उलटीवरील मेटोक्लोप्रमाइड आणि काही मनोविकारविरोधी औषधे यांमुळे पार्किन्सनसारखीच लक्षणे उद्भवतात. ती औषधे वैद्यकीय सल्ल्याने थांबवल्यावर लक्षणे अनेकदा काही महिन्यांत ओसरतात. त्यामुळे जुन्या चिठ्ठ्या पाहणे ही पहिली तपासणी मानावी.

पार्किन्सन विकार आणि आयुर्वेदातील कंपाची वर्णने यांच्या संबंधाबाबत मतभेद आहेत. शहरात शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालय असल्याने या प्रश्नाला स्थानिक महत्त्वही आहे. चरकसंहितेच्या ऐंशी वातविकारांत ‘वेपथु’ (कंप) येतो. माधवनिदानात (साधारण सातवे-आठवे शतक) सर्वांगाच्या व डोक्याच्या कंपाला हेच नाव आहे. ‘कंपवात’ हे स्वतंत्र वर्णन तेलुगू प्रदेशातील बसवराजीयम् या ग्रंथात मिळते. त्याचा काळ सामान्यतः पंधरावे-सोळावे शतक धरतात, काही अभ्यासक तो मागे नेतात. हातापायांचा कंप, निद्राभंग व क्षीण मती ही त्यातील लक्षणे पार्किन्सनशी जुळतात. मात्र मंदगती हे आजच्या निदानातील अनिवार्य लक्षण त्यात स्पष्ट नाही. म्हणून दोन्ही एकच मानण्यापेक्षा अंशतः जुळणारे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. खाजकुइलीच्या (कपिकच्छू) बियांत लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सनवरील आजचे मुख्य औषध, असतो, हे मद्रासमध्ये दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्ये दाखवले. बिर्कमायर व हॉर्निकिविझ यांनी १९६१ मध्ये लेव्होडोपाचा रुग्णांवरील परिणाम नोंदवला, आणि १९६७ मध्ये कोटझियास यांनी तोंडावाटे मोठ्या मात्रेत त्याचा उपयोग सिद्ध केला. प्राचीन वैद्य ही वनस्पती कंपावर हेतुपुरस्सर देत, असे पुष्कळदा लिहिले जाते. तथापि भावप्रकाश या आयुर्वेदीय ग्रंथात तिच्या वृष्य (कामशक्तिवर्धक) व बल्य (बळ देणाऱ्या) गुणांवर भर आहे, वातहर गुण त्यांच्या जोडीने येतो. चूर्णातील मात्रा निश्चित नसल्याने ते गोळ्यांच्या जोडीला परस्पर घेऊ नये.

लेव्होडोपा व प्रथिने आतड्यातून शोषली जाताना परस्परांशी स्पर्धा करतात. गोळी जेवणापूर्वी अर्धा तास घेण्यास सांगतात ते यामुळेच. शेंगदाण्यात प्रथिने भरपूर असल्याने शेंगाचटणीच्या या गावात तर ही सूचना विशेष लागू पडते.

मेंदूच्या खोल भागातील विद्युत्-उद्दीपन (यंत्र बसवून मेंदूला सौम्य विद्युत्‌प्रवाह देणे; सुरुवात फ्रान्समधील ग्रेनोबल येथे, १९८७) ही शस्त्रक्रिया निवडक रुग्णांसाठी असते. यंत्राची जुळणी वारंवार करावी लागते. पुणे, मुंबई वा हैदराबादला जायचे तर हा फेऱ्यांचा खर्चही आधीच मोजावा लागतो.

दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मध्ये पार्किन्सनचा समावेश आहे.

पार्किन्सनच्या रोगप्रसाराचे (लोकसंख्येत किती रुग्ण आहेत याचे) आकडे फार भिन्न आहेत : मुंबईतील पारशी समाजात (१९८८) लाखामागे सुमारे ३२८, तर बंगळूर परिसरात (२००४) सुमारे ३३. पहिल्या समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे होते. सोलापूर जिल्ह्याचा अंदाज बांधताना दुसरा आकडा, वयानुसार दुरुस्त करून, अधिक जवळचा ठरतो.