रिपोर्टात काय नाही, मग कंबर का दुखायलीय?

खानापूर भागात पाऊस लागून रोप लावण सुरू झाली की आमच्या घरात हे एक वाक्य रोजच असतं, "कंबर धरलीय बघ." दिवसभर चिखलात वाकून लावण करायची म्हटल्यावर धरणारच. मागच्या लावणीत माझ्या मावशीला अशी उसण भरली की चप्पल घालायला पण वाकता येईना, मग बेळगावला नेलं, डॉक्टरांनी पाय उचलून बघितले, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, पायात ताकद किती ते बघितलं आणि म्हणाले घाबरायचं काही नाही, एमआरआय पण नको, हिंडतं फिरतं राहा. मावशी बाहेर आली ती रडवेली होऊनच. "काय नाही म्हणतोय, मग मला दुखायलंय ते खोटं काय?"

खोटं अजिबात नाही. कंबरदुखीच्या साधारण 90 टक्के लोकांत दुखण्याचं एकच नेमकं कारण बोट ठेवून दाखवता येत नाही, कारण तिथं स्नायू, लिगामेंट (हाडं जोडून धरणारे पट्टे), छोटे सांधे, मणक्यांमधल्या गाद्या सगळं एकमेकाला चिकटून आहे आणि त्यांच्या नसा पण एकमेकीत मिसळलेल्या. डॉक्टर कागदावर अनस्पेसिफाइड लिहितात त्याचा अर्थ एवढाच, की फ्रॅक्चर, इन्फेक्शन, गाठ असलं काही दिसत नाही. म्हणजे ती चांगली बातमी आहे, फक्त आपल्याला तशी कोण सांगत नाही. आपल्या जुन्या लोकांकडं याला शब्द होताच की, उसण भरली, चमक भरली. उसण भरली म्हटल्यावर मणका मोडला असं कोणाच्या मनात येत नव्हतं.

आता मात्र घरोघरी "मणक्यात गॅप" आलाय. एमआरआयमध्ये गादी झिजलेली, फुगलेली दिसते ते खरं आहे, पण 2015 साली कंबर अजिबात न दुखणाऱ्या 3,110 लोकांच्या स्कॅनचा आढावा घेतला तेव्हा विशीतल्या 37 टक्के लोकांत गादीची झीज होती आणि पन्नाशीतल्या 80 टक्क्यांत. दुखत काही नाही तरी! केस पिकले म्हणून डोकं दुखत नाही, तसंच हे पण बऱ्याचदा वयाचं असतं. पण तो शब्द एकदा डोक्यात बसला की माणूस वाकायला भितो, हलायला भितो आणि तिथनं खरं नुकसान सुरू होतं.

कारण मोठ्या माणसाच्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. रात्री आडवं झालं की ती पाणी शोषून फुगते (म्हणून सकाळी आपण सेंटीमीटरभर उंच असतो), दिवसा वजन पडलं की पाणी बाहेर जातं आणि या ये-जा ची तिच्या पोषणाला मदत होते. तासन्‌तास एकाच स्थितीत राहिलं की लिगामेंट ताणली जातात, स्नायू थकतात, मग ती वाकून लावण असू दे, निपाणीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणं असू दे नाहीतर बेळगावातल्या वडगाव-खासबागचा विणकामाचा माग. काम सोडा असं मी सांगणार नाही, सोडून पोट कसं भरणार, पण अर्ध्या तासानं उठून बांधापर्यंत जाऊन यायला कोणाची परवानगी लागू नये.

आणि झोपून राहायचं नाही. 1995 साली फिनलंडमध्ये कंबर धरलेल्यांचे तीन गट केले, एकाला 2 दिवस झोपवलं, एकाला व्यायाम दिला, तिसऱ्याला सांगितलं जमेल तेवढं रोजचंच करत राहा, तर हा तिसरा गटच लवकर बरा झाला. गोळ्यांचं पण तसंच. 2014 च्या एका मोठ्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात पॅरासिटामॉल घेणारे 17 दिवसांत बरे झाले आणि नुसती खोटी, औषध नसलेली गोळी घेणारे 16 दिवसांत. आमच्याकडं पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या) माणसाकडनं पाठीला पाय लावून घेतात आणि उसण जाते असं शपथेवर सांगतात, त्यांना मी खोटं म्हणणार नाही, उसण जातेच, पण बहुतेक उसणी काही आठवड्यांत आपोआपच उतरतात आणि शेवटी जो उपाय केलेला असतो त्याचं नाव होतं. लाथ मात्र जोरात बसली तर नवीन दुखणं, तेवढं टाळा.

परत परत धरत असेल तर चालणं. 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 701 जणांवरचा अभ्यास आला, हळूहळू वाढवत आठवड्यातनं 5 दिवस अर्धा तास चालायचं, तर चालणाऱ्यांची कंबर परत धरायला साधारण 208 दिवस लागले, बाकीच्यांची 112 दिवसांतच. पैसा नको, मशीन नको.

पण लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बसतो त्या जागेला बधिरपणा आला, पाऊल लुळं पडायलंय, रोज संध्याकाळी ताप आणि वजन उतरायलंय (मणक्याचा टीबी आपल्याकडं अजून आहे), आधी कॅन्सर झालेला आहे किंवा झाडावरनं पडून दुखायलंय, तर ती उसण नव्हे. लघवीचं आणि बधिरपणाचं असेल तर रात्रीचे दोन वाजले तरी सकाळची वाट बघू नका, गाडी काढा आणि सरळ मोठ्या दवाखान्यात न्या.