लग्नापेक्षा किराणा भारी: कर्जबाजारीपणाची दीडशे वर्षे

एखादा माणूस कर्जात बुडाला की त्याच्यामागे निकाल ठरलेला असतो. पोरीच्या लग्नात ऐपतीबाहेर उडवले, अंथरूण पाहून पाय पसरले नाहीत, नाहीतर गाडी-मोबाइलचा शौक नडला. हा निकाल आजचा नाही. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतले शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हाही कुणबी लग्नकार्यात पैसा घालवतो म्हणून बुडतो, असेच म्हटले जात होते. उठावाच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला. १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेलेल्या त्याच्या अहवालाने मात्र उलटी नोंद केली. लग्न आणि सणांच्या खर्चाला नको इतके महत्त्व दिले गेले आहे, असे आयोगाचे म्हणणे पडले. या रकमा कुणब्याच्या मानाने मोठ्या असतात, पण असे प्रसंग कधीतरी येतात. कर्ज फुगते ते पोटाला धान्य, बियाणे, बैल आणि सरकारी सारा यांसाठी पुन्हा पुन्हा घ्याव्या लागणाऱ्या बारीक रकमांनी.

ही नोंद सरकारी कागदात राहिली, लोकांच्या तोंडी मात्र लग्नच राहिले. लग्नात कुणी बुडतच नाही, असे नव्हे. पण लग्न चारचौघांना दिसते, किराण्याची उधारी दिसत नाही.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात (हे गाव तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज बारामतीत आहे) आसपासच्या गावांचे लोक जमले आणि त्यांनी सावकारांकडे वह्या आणि रोखे (कर्जापोटी लिहून दिलेले कागद) मागितले. कागद जाळले, धान्याची दुकाने लुटली, काही घरे पेटवली. पुढे लोण तीसहून जास्त गावांत पसरले. सावकाराने मुकाट्याने कागद हवाली केले तिथे सहसा त्याच्या अंगाला हात लागला नाही. राग कागदावर होता, आणि तो कागद कसा तयार होई हे पाहिले की रागाचे कारण कळते.

पेशवाई गेल्यावर कंपनीने दख्खनमध्ये रयतवारी आणली, म्हणजे जमिनीचा सारा थेट शेतकऱ्याकडून घ्यायची पद्धत. सारा रोखीत भरायचा, पीक येवो न येवो. पीक विकून हातात पैसा येण्याआधीच हप्त्याची तारीख उभी राही. मग पाटील-कुलकर्ण्यांचा तगादा, आणि तगाद्यापायी सावकाराची पायरी. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. व्यापाऱ्यांनी सावकारांना आणि सावकारांनी रयतेला हात सैल सोडून पैसा दिला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, आणि दिलेला पैसा परत मागितला जाऊ लागला. नेमक्या त्याच सुमारास साऱ्याची तीस वर्षांची मुदत संपून नवी आकारणी आली. १८६७ मध्ये इंदापुरापासून सुरुवात झाली आणि पुष्कळ ठिकाणी सारा दीडपटीच्याही पुढे गेला. यात लग्न कुठे आहे?

कायद्यांनी यात आपली भर घातली. हिंदू धर्मशास्त्रातला दामदुपटीचा नियम मुद्दलाहून जास्त व्याज एकदम वसूल करू देत नव्हता. १८५५ मध्ये इंग्रजांनी व्याजदरावरची जुनी बंधने काढून टाकली. १८५९ मध्ये मुदतीचा कायदा आला: रोखा तीन वर्षांपुरताच चालेल. हेतू बरा होता, वर्षानुवर्षे व्याज साठू नये हा. झाले असे की तीन वर्षे भरत आली की सावकार कुणब्याला बोलावून नवा रोखा लिहून घेई. जुने मुद्दल अधिक थकलेले व्याज हे नव्या रोख्याचे मुद्दल, आणि त्यावर पुन्हा व्याज. कुणब्याने नवा पैसा एक रुपया घेतलेला नसे, तरी कागदावरचा आकडा दीडपट होई. नवे पैसे घेतलेच तर त्यातून मनोती आधीच कापली जाई, म्हणजे रोख्यावर शंभर आणि हातात त्याहून कमी. अंगठा उठवणाऱ्याला हे वाचता येत नव्हते. १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून जास्त व्याज लावल्याचे एक प्रकरण आयोगापुढे आले होते.

१८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ पैसे किती दिले हे तपासता येऊ लागले, कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणे थांबले. सावकारांनी वाट काढली. कर्जाचा रोखाच लिहायचा नाही, थेट जमिनीचे खरेदीखत करून घ्यायचे, पैसे फिटले की जमीन परत देण्याचा फक्त तोंडी शब्द. ही पळवाट इतकी टिकली की महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात अशी लाटलेली जमीन परत मिळवून देण्याची तरतूद करावी लागली.

गावात फिटेना म्हणून माणसे मुंबईला गेली. आता पगार होता, पाऊसपाण्याशी संबंध नव्हता. तरीही कर्ज सुटले नाही, आणि त्याचे कारण फार साधे आहे. गिरणीत पगार महिन्याने होई, तोही पुढचा महिना निम्मा उलटल्यावर. म्हणजे नव्याने लागलेल्या कामगाराला पहिले पैसे दिसायला दीड महिना. तोवर खायचे काय? खाणावळवालीकडे खाते, वाण्याकडे खाते, भाडे थकलेले, नोकरी लावली म्हणून मुकादमाचा हात ओला केलेला. पहिला पगार मागच्या देण्यात गेला की पुढचा महिना पुन्हा उधारीवर. उधारीच्या गिऱ्हाईकाला भाव करता येत नाही, माल पारखून घेता येत नाही, दुसऱ्या दुकानात जाता येत नाही. व्याज वेगळे लावायची वाण्याला गरजच नसे, ते डाळ-तांदळातच मिसळलेले असे.

रोख लागली तर मारवाडी किंवा पठाण. दर सांगितला जाई तो रुपयामागे महिना एक आणा, दोन आणे. ऐकायला किरकोळ. हिशेब केला तर एक आणा म्हणजे वर्षाला ७५ टक्के आणि दोन आणे म्हणजे १५०. पगाराच्या दिवशी पठाण काठी घेऊन गिरणीच्या दारात उभा असे. मुंबईच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले, त्यात ४७ टक्के कुटुंबे कर्जात निघाली. १९३१ मध्ये कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने अंदाज दिला की देशातल्या बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोन तृतीयांश कामगार कर्जात आहेत, आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे. त्यानंतर आलेल्या १९३६ च्या वेतन कायद्याने पगाराची तारीख बांधली: हजाराहून कमी कामगार असतील तर सातव्या दिवसापर्यंत, जास्त असतील तर दहाव्या. काटकसरीवरच्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा कामगाराची उधारी या एका कलमाने जास्त आवरली असेल, असे मला वाटते. पगार ठरल्या दिवशी होणे म्हणजे काय हे १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात पुन्हा कळले. सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा पगार बंद पडला आणि परळ-लालबागच्या घरांतून आधी दागिने, मग भांडी बाहेर पडली.

सहकाराचा उपाय १९०४ च्या कायद्याने आला खरा, पण त्याला वेळ लागला. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी केली तेव्हा शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा होता ३.१ टक्के. व्यापारी बँकांचा तर एक टक्काही नव्हता. सावकारांचा, धंदेवाईक आणि शेती करणारे मिळून, सत्तरीच्या घरात. नोकरदारांचे जमले. पगारातून परस्पर हप्ता कापणाऱ्या पतसंस्था, दोन जामीनदार, भविष्यनिर्वाह निधीची उचल, भिशी. ज्याचा पगार कापता येत नव्हता तो बाहेरच राहिला.

आणीबाणीत महाराष्ट्राने कर्जमुक्तीचा कायदा केला. छोटे शेतकरी, शेतमजूर, कामगार यांची सावकारी कर्जे रद्द, गहाण पडलेल्या वस्तू परत. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७७ मध्ये हरले. पण पुढच्या महिन्याच्या किराण्याला पैसे कोण देणार, याची सोय कायद्यात नव्हती, आणि माणसे पुन्हा त्याच दारात गेली, या वेळी कागदाशिवाय.

ऊसतोडीची उचल याच जातीची. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतो आणि दिवाळीच्या आगेमागे कारखान्याच्या फडावर जातो. ती उचल घर चालवण्यात, आजारपणात, आधीचे देणे फेडण्यात संपलेली असते. मग हंगामभर टनामागे मजुरी धरली जाते ती उचलीत वळती करायला. हंगाम लवकर आटोपला, बाईला बरे नसल्याने खाडे पडले, की उचल अंगावर राहते आणि पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाच्या टोळीत जावे लागते. आधी पैसा खाल्लेला, काम मागाहून.

१८७५ च्या उठावावरच्या आयोगाच्या यादीत नसलेली पण आज पहिल्या ओळीत लिहावी लागेल अशी बाब दवाखान्याची. देशातल्या एकूण आरोग्यखर्चातला लोकांनी खिशातून भरलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत जीवनदायी योजना सुरू झाली, तीच पुढे महात्मा फुले यांच्या नावाने चालू आहे. तिने पुष्कळांना वाचवले. तरी योजना लागू होते ती दाखल झाल्यावर, यादीतल्या उपचारांना. त्याआधीच्या तपासण्या, महिन्याच्या गोळ्या, सोबत थांबणाऱ्याचा बुडालेला रोज यांचे बिल कुठे लावायचे? आणि रात्री अकरा वाजता काउंटरवर डिपॉझिट मागितले की माणूस व्याजाचा दर विचारत नाही, किती लवकर मिळतील एवढेच विचारतो. शेकडा दहाने महिना, हे शब्द अशाच वेळी कबूल होतात.

शहरातल्या मध्यमवर्गाला कर्ज मिळणे सोपे झाले ते १९९१ नंतर. हप्त्याने टीव्ही, मग कार्ड, मग पर्सनल लोन. कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी सिबिल २००० मध्ये स्थापन झाली आणि जामीनदाराच्या जागी आकडा आला. दर सांगायची पद्धत मात्र आण्याच्या काळातलीच राहिली. फ्लॅट १२ टक्के म्हटले की बारा ऐकू येतात. एक लाख, तीन वर्षे, व्याज ३६,००० आणि महिना सुमारे ३,७७८ रुपये हप्ता. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असते, त्याप्रमाणे मांडले तर हा दर २१ टक्क्यांच्या पुढे जातो. झिरो पर्सेंटच्या योजनांत व्याज प्रोसेसिंग फीच्या नावाखाली लपवले जाते, असे म्हणत रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना त्या बंद करायला लावल्या. कार्डावर किमान रक्कम भरून उरलेले पुढे ढकलले की महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर.

परवानाधारक सावकाराने बिगरशेती विनातारण कर्जावर जास्तीत जास्त १८ टक्के घ्यावेत, असा २०१४ च्या कायद्याखालचा दर आहे. कार्डाला तो लागू नाही. कार्डावर ३० टक्क्यांच्या वरचे व्याज ही अनुचित प्रथा, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्द केला.

कोविडमध्ये पगार थांबले आणि फोनवरची ॲप आली. सात दिवसांचे कर्ज, पाच हजार मंजूर, फी कापून हातात साडेतीन. मनोतीच, फक्त रोखा स्क्रीनवर. वसुलीसाठी फोनमधल्या सगळ्या नंबरांवर बदनामीचे मेसेज. एक ॲप फेडायला दुसरे, दुसरे फेडायला तिसरे. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या सुरुवातीला कर्ज देणारी सुमारे १,१०० ॲप आढळली, त्यातली ६०० बेकायदा. सप्टेंबर २०२२ च्या नियमांनी कर्ज थेट कर्जदाराच्या खात्यात टाकणे, वर्षाचा खरा दर आधी सांगणे बंधनकारक झाले आणि फोनमधले नंबर उचलण्यास मनाई झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये विनातारण कर्जे बँकांना महाग पडतील अशी तजवीज झाली. ती आखडली आणि लोक सोने घेऊन निघाले. सोनेतारण कर्जे त्यानंतर झपाट्याने वाढली, अर्थात सोन्याचा चढता भाव हेही त्याचे कारण आहे.

सोनेतारणात वर्षभर काही भरायचे नाही, शेवटी मुद्दल-व्याज एकदम, अशी सोय लोकांना आवडते. वर्ष भरले की पैसे नसतात, मग थकलेल्या व्याजासकट नव्या रकमेचे कर्ज, तेच दागिने, कागद नवा. हे नूतनीकरण कसे चालते यावर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२४ मध्ये बोट ठेवले. जून २०२५ च्या निर्देशांत घरखर्चासाठीच्या अशा कर्जाला बारा महिन्यांची मर्यादा घातली आहे, आणि साठलेले व्याज भरल्याशिवाय नूतनीकरण करायचे नाही असे लिहिले आहे. बँका आणि वित्तसंस्थांना हे लागू करायला १ एप्रिल २०२६ पर्यंतची मुदत दिली होती.