कुंकळ्ळी, १५८३ : उठावाआधीची सोळा वर्षं

जुलै १५८३. गोव्याच्या सासष्टीतल्या कुंकळ्ळी गावात चर्च उभारायची जागा बघायला पाच जेझुइट (एका कॅथॉलिक संघाचे धर्मप्रसारक) आले आणि गावकऱ्यांनी त्यांना ठार मारलं. सोबतचे काही स्थानिक ख्रिस्तीही मारले गेले. एका बाजूने हे हौतात्म्य म्हणून सांगितलं जातं, दुसऱ्या बाजूने स्वातंत्र्याचा पहिला उठाव म्हणून. दोन्हीकडे गोष्ट त्या सकाळीच सुरू होते. मला वाटतं, ती निदान सोळा वर्षं आधीपासून सांगायला हवी.

पोपने पोर्तुगालच्या राजाला दिलेल्या अधिकारांना पाद्रुआदो म्हणत. बिशप राजाने सुचवायचे, मिशनचा खर्च राजाने करायचा. साहजिकच मिशनरी हा राज्यकारभाराचाच भाग झाला. १५१० मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने गोव्यातली तिसवाडी जिंकली, १५४३ मध्ये आदिलशाहीकडून सासष्टी आणि बार्देश मिळाले, आणि सासष्टीतलं धर्मप्रसाराचं काम जेझुइटांकडे गेलं. आईबाप नसलेली हिंदू मुलं चर्चच्या हवाली करण्याचा हुकूम १५५९ चा. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं.

१५६७ मध्ये राशोलच्या किल्ल्याच्या कप्तानाने सासष्टीतली देवळं पाडायला घेतली. यातला आर्थिक भाग नेहमी मागे पडतो. गावची जमीन गांवकारीची, म्हणजे मूळ घराण्यांची सामाईक. देऊळ, पुजारी, वाजंत्री, उत्सव हे सगळं त्याच जमिनीच्या उत्पन्नावर चाले. देऊळ पडलं की त्याच्या जमिनीचं उत्पन्न चर्चकडे वळवलं जाई. म्हणजे मूर्तीबरोबर गावाचा जमाखर्चही फुटत होता. लोकांनी देव उचलले आणि नदीपलीकडे, तेव्हा पोर्तुगीजांच्या हाती नसलेल्या मुलखात नेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली ती याच काळात. आज मुंबई-पुण्याहून फोंड्याला कुलदेवतेच्या दर्शनाला जाणारी कुटुंबं मुळात या स्थलांतराच्या वाटेनेच जात असतात.

कुंकळ्ळी, असोळणा, वेरोडा, वेळ्ळी आणि आंबेली ही पाच गावं मात्र नमली नाहीत. पाडलेली देवळं त्यांनी पुन्हा बांधली, सारा देणं थांबवलं. उत्तरादाखल सैन्य आलं, पुन्हा देवळं पाडली. मारल्या गेलेल्या पाचांपैकी पिएत्रो बेर्नो या मोडतोडीत स्वतः पुढे होता. त्यांचा प्रमुख रुदोल्फो आक्वाविवा नुकताच फत्तेपूर सिक्रीहून परतला होता. तिथे अकबराच्या दरबारात तो मुल्लांशी वाद घालत असे. तिथे त्याच्या हाती शब्दांखेरीज काही नव्हतं, आणि त्याचं म्हणणं पटलं नाही तरी बादशहाने त्याचा मान राखला. सासष्टीत त्याच माणसामागे जाळपोळ करून गेलेली फौज होती. माणूस तोच होता, पण कुंकळ्ळीकरांना त्याच्या हातातला क्रूस त्या फौजेपासून वेगळा कसा दिसावा?

या हत्यांचं समर्थन मी करत नाही. पाचही जण निःशस्त्र होते. पण पुढे जे झालं तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. गावच्या सोळा नायकांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि चौकशीशिवाय कापून काढलं. नदीत उडी मारून एकटा निसटला. गावांच्या जमिनी जप्त झाल्या.

विशेष म्हणजे याच सासष्टीत आयुष्य काढलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये मराठी ओव्यांत क्रिस्तपुराण छापलं. देवळं गेलेल्या लोकांना पुराण ऐकायची ओढ उरली होती, हे त्याने ओळखलं होतं. मराठीवरचं त्याचं प्रेम मला खरं वाटतं, आणि म्हणूनच ते वाचताना जास्त अस्वस्थ व्हायला होतं.

पाच जेझुइटांना १८९३ मध्ये चर्चने धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित केलं. नायकांचं स्मारक कुंकळ्ळीत उभं राहिलं २००३ मध्ये. कुंकळ्ळीची स्वतःची शांतादुर्गा, तीही तेव्हा हलवलेली, अजून फातर्पे गावीच आहे. वर्षातून एकदा, छत्रोत्सवात, बारा वांगडांच्या (गावच्या मूळ कुळांच्या) बारा छत्र्यांखाली, गुलाल उधळत ती कुंकळ्ळीला येते आणि परत जाते.