परसात टायनी होम: कोलंबस, इंडियानासारख्या लहान शहरातली परवानगी, पात्रता आणि कागदपत्रं

कोलंबस, इंडियाना हे अमेरिकेतलं जेमतेम ५० हजार वस्तीचं शहर पुण्यातल्या अनेक घरांत माहीत आहे, ते कमिन्स या इंजिन कंपनीमुळे. कंपनीचं मुख्यालय इथे आणि भारतातला कारभार पुण्यात. त्यामुळे कोथरूडहून इथे आलेली मंडळी थोडीथोडकी नाहीत. घर घेऊन झालं, मागे मोठं परस आहे, आई-बाबा दर उन्हाळ्यात येतात. मग कुणीतरी म्हणतं, 'मागे एक टायनी होम ठेवलं तर?' कल्पना चांगली आहे. फक्त बरेचजण आधी घर पसंत करतात, आगाऊ रक्कम भरतात आणि मग शहराच्या कचेरीत फोन लावतात. हे वरातीमागून घोडं झालं. इथे क्रम उलटा आहे: जागा, झोनिंग (कुठल्या प्लॉटवर काय बांधता येतं याचे नियम), पाया आणि सगळ्यात शेवटी घर.

कचेरीच्या लेखी 'टायनी होम' नावाची वस्तू नसते

विकणारा ज्याला टायनी होम म्हणतो, ते कायद्याच्या नजरेत चारपैकी एक काहीतरी असतं, आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं.

पहिला प्रकार जागेवर, पक्क्या पायावर बांधलेल्या घराचा. याला आयआरसी, म्हणजे इंटरनॅशनल रेसिडेन्शिअल कोड लागू होतो. २०१८ च्या आवृत्तीत लहान घरांसाठी 'अपेंडिक्स क्यू' आलं. माळा सोडून ४०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला त्यात सवलती आहेत. राहत्या खोलीची उंची ६ फूट ८ इंच चालते, स्वयंपाकघर-बाथरूमची ६ फूट ४ इंच. माळा किमान ३५ चौरस फुटांचा हवा, कुठल्याही बाजूने ५ फुटांपेक्षा अरुंद नको. वर जायला शिडी चालते, पण माळ्यावरून आगीच्या वेळी बाहेर पडता येईल अशी खिडकी लागते. आता मेख अशी की अपेंडिक्स आपोआप लागू होत नाही. राज्याने किंवा शहराने ते नाव घेऊन स्वीकारावं लागतं. २०२० चा इंडियाना रेसिडेन्शिअल कोड २०१८ च्या आयआरसीवर उभा आहे, पण म्हणून अपेंडिक्सही आलंच असं धरून चालू नका. बांधकाम खात्याला पहिला प्रश्न हाच विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा.

दुसरा प्रकार मॉड्युलर. कारखान्यात बनतं, ट्रकवर येतं, पायावर बसतं. त्यावर राज्याचा शिक्का लागतो. इंडियानात हे काम होमलँड सिक्युरिटी खात्याकडे आहे. नाव ऐकून दचकू नका, राज्याचा बांधकाम कोडही तेच खातं बघतं.

तिसरं मॅन्युफॅक्चर्ड होम. हे कायमच्या चेसीवर (सांगाड्यावर) बनलेलं, ३२० चौरस फूट किंवा जास्त, १५ जून १९७६ पासून लागू असलेल्या अमेरिकेच्या केंद्रीय गृहनिर्माण खात्याच्या ('हड') मानकांचं घर. बाहेरच्या भिंतीवर लाल धातूची पट्टी असते आणि आत, बहुधा कपाटाच्या दारामागे, डेटा प्लेट चिकटवलेली असते. तिच्यावर वारा, छतावरचा भार आणि थंडी यांचे झोन दिलेले असतात. इंडियानाला थर्मल झोन ३ चं घर लागतं. दक्षिणेतल्या ऊबदार राज्यासाठी बनलेलं घर स्वस्तात मिळतंय म्हणून उचललं, तर जानेवारीत पस्तावाल.

चौथा प्रकार चाकांवरचा, म्हणजे आरव्ही (सहलीची राहती गाडी) किंवा पार्क मॉडेल. पार्क मॉडेल एएनएसआय ए११९.५ या मानकाप्रमाणे ४०० चौरस फुटांच्या आत असतं, आणि बनवणाराच लिहून देतो की हे फक्त सुटीच्या वापरासाठी आहे. फोटोंत सर्वांत देखणी दिसणारी घरं नेमकी याच गटातली असतात. आणि बहुतेक शहरांत, निवासी प्लॉटवर, कायम राहण्यासाठी ती चालत नाहीत. चाकं काढली म्हणून आरव्हीचं घर होत नाही. कागदावर जे लिहिलंय तेच ते राहतं.

माझं स्पष्ट मत: शहराच्या हद्दीत आई-वडिलांसाठी घर हवं असेल तर पहिल्या दोन प्रकारांतच शोधा.

झोनिंग: खरी परीक्षा इथे

मुंबईत बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची आणि झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारं घर ३०० चौरस फुटांचं. आपल्याला ४०० म्हणजे ऐसपैस वाटतं. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेकडच्या लहान शहरांत मात्र घर 'फार लहान' असणं हीच अडचण ठरते. आयआरसीने एका खोलीला किमान १२० चौरस फुटांची अट २०१५ साली काढून टाकली. राहत्या खोलीला आता ७० पुरतात. पण झोनिंगच्या स्थानिक नियमावलीत घराचं किमान क्षेत्रफळ वेगळं लिहिलेलं असू शकतं, आणि कित्येक ठिकाणी ते ८०० ते १००० चौरस फुटांच्या घरात असतं. बांधकामाचा कोड 'हो' म्हणतो आणि झोनिंग 'नाही', असं सर्रास होतं.

कोलंबस शहर आणि बार्थोलोम्यू काउंटी (म्हणजे जिल्हा) यांचं नियोजन खातं एकत्र आहे, त्यामुळे चौकशी एकाच खिडकीवर होते. जाताना पार्सल नंबर (प्लॉटचा सरकारी क्रमांक) घेऊन जा आणि चार गोष्टी विचारा. माझ्या प्लॉटचा झोन कोणता? त्यात एका प्लॉटवर दुसरं राहतं घर (जोडघर), म्हणजे अ‍ॅक्सेसरी ड्वेलिंग युनिट, चालतं का? किमान क्षेत्रफळ किती? आणि हद्दीपासून किती फूट सोडायचं? हे सोडायचं अंतर म्हणजे सेटबॅक. परस मोठं दिसतं, पण मागचा-बाजूचा सेटबॅक आणि युटिलिटी ईझमेंट (पाणी-विजेच्या लाइनसाठी राखलेली पट्टी) वजा केली की कधीकधी तुळशीवृंदावनापुरतीच जागा उरते.

इतर राज्यांतून ऐकलेल्या गोष्टी इथे लावू नका. आयोवाने २०२५ च्या मे महिन्यात कायदा करून एककुटुंबी घराच्या प्लॉटवर एक जोडघर मान्य करणं शहरांना आणि काउंट्यांना बंधनकारक केलं. मर्यादा १००० चौरस फूट किंवा मुख्य घराच्या निम्मं, यांतलं जे मोठं ते. मिनेसोटात २०१६ पासून आजारी नातेवाइकासाठी ३०० चौरस फुटांपर्यंतचं तात्पुरतं घर अंगणात ठेवायची सोय आहे, पण ती सहा महिन्यांसाठी, एकदाच वाढवून मिळणारी, डॉक्टरांच्या दाखल्यावर. शिवाय शहराला त्यातून बाहेर पडायची मुभा होती आणि अनेक शहरं बाहेर पडलीच.

सोसायटी म्हणजे एचओए असेल तर तिचे करार वेगळे तपासा. शहर परवानगी देईल आणि एचओए अडवेल. शहराचा त्यांच्याशी काही संबंध नसतो.

'नाही' आलं तर: बोर्ड ऑफ झोनिंग अपील्स

क्षेत्रफळ किंवा सेटबॅक आड येत असेल तर या मंडळाकडे व्हेरियन्ससाठी, म्हणजे नियमातून सूट मिळावी म्हणून, अर्ज करता येतो. इंडियानाच्या कायद्यात विकास-मानकातून सूट मिळण्याच्या तीन कसोट्या आहेत: सार्वजनिक आरोग्य-सुरक्षेला बाधा नको, शेजारच्या मालमत्तेच्या वापरावर आणि किमतीवर ठळक वाईट परिणाम नको, आणि नियम तंतोतंत लावला तर त्या जागेच्या वापरात प्रत्यक्ष अडचण येते हे दाखवावं लागतं. लोक घसरतात ते तिसऱ्या कसोटीवर. 'मोठं घर परवडत नाही' किंवा 'आई-बाबा येतात' ही तुमची अडचण झाली, जागेची नव्हे. प्लॉटचा विचित्र आकार, उतार, मधून गेलेली गटाराची लाइन, हे जागेचं. जोडघर त्या झोनमध्ये मुळातच चालत नसेल तर यूज व्हेरियन्स, म्हणजे वापराच्या नियमातूनच सूट, लागतो. त्याच्या कसोट्या आणखी कडक.

अर्जासोबत साइट प्लॅन, फी, शेजाऱ्यांना नोटीस आणि वर्तमानपत्रात सुनावणीच्या किमान १० दिवस आधी जाहीर नोटीस. मग खुली सुनावणी. शेजारी येऊन बोलू शकतात, म्हणून नोटीस पोचण्याआधी त्यांच्याकडे नकाशा घेऊन स्वतः जा. सोबत लाडूचा डबा असला तर बिघडत नाही. पाकिटातून आलेली नोटीस माणसाला सावध करते. तीच गोष्ट दारात उभं राहून सांगितली की निम्मे आक्षेप तिथेच विरतात.

काउंटीच्या ग्रामीण भागात जमीन असेल तर 'लॉग केबिन रूल' कानावर येईल. स्वतः बांधून स्वतः राहणाऱ्याला काउंटीच्या बांधकाम नियमावलीतून इंडियानाचा कायदा मोकळीक देतो, हे खरं. पण झोनिंग आणि सांडपाण्याचे नियम त्यातून सुटत नाहीत, आणि विकत आणून ठेवलेलं तयार घर म्हणजे 'स्वतः बांधलेलं' असा अर्थ स्वतःच काढू नका.

पाया, पाणी, सांडपाणी

पाया गोठणरेषेच्या खाली न्यावा लागतो, नाहीतर हिवाळ्यात माती फुगते आणि घर उचलतं. दक्षिण मिनेसोटात ही खोली ४२ इंच, उत्तरेत ६०. इंडियानात कमी, पण आकडा काउंटीप्रमाणे बदलतो. खोदण्यापूर्वी ८११ ला कळवा, पूर्ण दोन कामाचे दिवस आधी. जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइनवर ते फुकट खुणा करून देतात.

शहरात पाणी आणि सांडपाण्याच्या जोडणीची फी भरावी लागते. शहराबाहेर सेप्टिक असेल तर काउंटीच्या आरोग्य खात्याचा परवाना आधी, बाकीचं नंतर. इंडियानात सेप्टिकचा हिशेब बेडरूमवर होतो, दर बेडरूमला दिवसाला १५० गॅलन. घर ३०० फुटांचं असो की १३००, एक बेडरूम म्हणजे तेवढंच. 'लहान घर, लहान खर्च' हे गणित इथे कोलमडतं. कंपोस्टिंग टॉयलेट हा विकणाऱ्याचा आवडता उपाय असला, तरी शहरात त्याच्या भरवशावर योजना आखू नका.

कोण घेऊ शकतं, आणि पैसा कुठून

घर किंवा जमीन घ्यायला नागरिकत्वाची अट नाही; एच-१बी असला तरी चालतं. प्रश्न कर्जाचा. २५ मे २०२५ पासून एफएचएची (सरकारी विम्याचं पाठबळ असलेली) कर्जं कायम रहिवासी नसलेल्यांना बंद झाली, म्हणजे ग्रीन कार्ड नसेल तर तो रस्ता नाही. साध्या बँकेचं गहाणकर्ज मिळू शकतं, पण जमीन, पक्का पाया आणि आसपास विकली गेलेली तशी घरं असतील तरच मूल्यांकन जमतं. चाकांवरच्या घराला आरव्ही कर्ज किंवा वैयक्तिक कर्ज. व्याज जास्त, मुदत कमी. आधीचं घर असेल तर होम इक्विटीवर (घरातल्या आपल्या हिश्श्यावर) काढलेली रक्कम बहुधा सर्वांत सोपी पडते.

आई-वडील भारतातून हातभार लावणार असतील तर एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. पॅन आणि ए२ फॉर्म लागतो, १० लाख रुपयांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पाठवतानाच घेतला जाणारा कर) कापला जातो आणि तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. एका वर्षात परदेशी व्यक्तीकडून १ लाख डॉलरपेक्षा जास्त भेट मिळाली तर इथे आयआरएसला (अमेरिकेच्या कर खात्याला) फॉर्म ३५२० भरावा लागतो. भेटीवर कर नाही, पण फॉर्म चुकला तर दंड जबर.

फाइलमध्ये काय काय हवं

जमिनीची डीड (मालकीचा दस्त) आणि कायदेशीर वर्णन, सर्व्हे, मोजमापांसह साइट प्लॅन (हद्द, सध्याचं घर, नवं घर, ड्राइव्हवे, सगळ्या लाइन), घराचे नकाशे आणि मॉड्युलर असेल तर राज्याच्या शिक्क्याचा पुरावा, पायाचं डिझाइन, कंत्राटदारांची नोंदणी आणि विमा, पाणी-सांडपाण्याच्या जोडणीचं पत्र किंवा सेप्टिकचा परवाना. व्हेरियन्स घेतला असेल तर त्याचा आदेश. झोनिंगच्या परवान्याला इंडियानात बहुतेक ठिकाणी इम्प्रूव्हमेंट लोकेशन परमिट म्हणतात. तो हातात आल्यावर बांधकाम परवाना. घर खरेदीच्या करारात मात्र एक ओळ हट्टाने घालून घ्या: परवाने मिळाले नाहीत तर आगाऊ रक्कम परत. विकणारा या ओळीवर कुरकुरला तर दुसरा विकणारा बघा.

मॅन्युफॅक्चर्ड घराची मालकी बीएमव्हीच्या (राज्याच्या वाहन नोंदणी खात्याच्या) टायटलवर असते, गाडीसारखी. ते कायमचं पायावर बसवलं की मालमत्तेत बदलण्यासाठी बीएमव्हीत 'अ‍ॅफिडेव्हिट ऑफ ट्रान्सफर टू रिअल इस्टेट' भरायचं. हे राहून गेलं की दहा वर्षांनी घर विकताना जमीन एका कागदावर आणि घर दुसऱ्या, असा घोळ निघतो.

वाहतुकीत रुंदी साडेआठ फूट आणि उंची साडेतेरा फुटांच्या आत असेल तर विशेष परवाना लागत नाही. त्यापेक्षा मोठं असेल तर तो राज्याच्या महसूल खात्याकडून, आणि तो वाहतूकदारानेच काढायचा असतो. तुमच्या गल्लीतली झाडाची फांदी आणि विजेची तार मात्र तुम्हीच मोजा.

घर निवडताना दोन घरगुती गोष्टी

माळ्यावरची झोपायची जागा फोटोत छान दिसते. साठी उलटलेल्या गुडघ्यांना रात्री दोनदा शिडी उतरवत नाही. खाली पलंग मावतो का, ते बघा. दुसरं, चुलीवरचा पंखा हवा बाहेर टाकतो की गाळून परत घरातच सोडतो, ते विचारा. लहान घरांत बहुधा दुसऱ्या प्रकारचा बसवतात. ३०० चौरस फुटांत एकदा मिरचीची फोडणी बसली की सगळे अंगणात येतील. भिंतीतून बाहेर जाणारा डक्ट कारखान्यातच लावून घ्या. नंतर भिंत कापायची म्हणजे पुन्हा परवाना आणि पुन्हा तपासणी.

तपासण्या टप्प्याटप्प्याने होतात: काँक्रीट ओतण्याआधी पायाचा खड्डा, मग नळ-वीज, शेवटी अंतिम. भिंती बंद करण्याआधी निरीक्षकाला बोलवायचं विसरलात तर भिंती उघडाव्या लागतात. शेवटी सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सी, म्हणजे राहायला परवानगी देणारा दाखला, मिळतं. त्याच आठवड्यात विमा कंपनीला त्याची प्रत पाठवा आणि नव्या घराला वेगळा पत्ता क्रमांक मिळाला का ते नियोजन खात्याला विचारा. रुग्णवाहिका बोलवायची वेळ आली तर ती मागच्या घराच्या दाराशी यायला हवी.